लेव्हल काढून टाकली म्हणून ऑनलाइन आरपीजी न्याय्य होत नाही

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) खेळणाऱ्यांमध्ये एक दावा गेली कित्येक वर्षे फिरतो आहे, आणि नवा गेम जाहीर झाला की तो हमखास पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: पात्राची लेव्हल, म्हणजे खेळत जाल तसा वाढणारा ताकदीचा आकडा, ही कागद-फाशांच्या खेळांतून चालत आलेली जुनाट कल्पना आहे, ती अनैसर्गिक आहे, ती मित्रांमध्ये भिंत उभी करते, ती कसबाऐवजी वेळेला किंमत देते आणि ती आजवर टिकली आहे ती केवळ कंपन्यांना खेळाडूंकडून महिनोन्‌महिने पैसे काढता यावेत म्हणून. उपाय म्हणून सांगितले जाते की लेव्हल रद्द करावी आणि ‘जे कराल तेच वाढेल’ हे तत्त्व आणावे, म्हणजे तलवार चालवली की तलवारबाजी वाढेल आणि धातू गाळला की लोहारकाम वाढेल. दाखले ठरलेले असतात. अल्टिमा ऑनलाइन, ईव्ह ऑनलाइन आणि स्टार वॉर्स गॅलेक्सीज हे आदर्श, तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा आरोपी.

या दाव्यातील तक्रारी खोट्या नाहीत. कंटाळवाणा ग्राइंड, म्हणजे आकडा वाढवण्यासाठी तेच ते पुन्हा पुन्हा करणे, असतो, मित्र मागे पडतात, पैसेही काढले जातात. परंतु या साऱ्याचे खापर लेव्हलवर फोडणे मला चुकीचे वाटते, कारण ज्या गेममध्ये लेव्हल नव्हती तिथेही नेमके हेच घडले. प्रगतीची कोणतीही पद्धत घेतली तरी ती काहीतरी मोजते, आणि जे मोजले जाते तेच खेळाडू करत राहतात. म्हणून लेव्हल आहे की नाही यापेक्षा काय मोजले जाते, त्या मोजणीतून खेळाडूच्या हाती काय पडते आणि दोन खेळाडूंमधील अंतर किती वाढू दिले जाते, हे तपासणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिला मुद्दा नैसर्गिकतेचा. पोहणे पाण्यात उतरूनच येते, मग रानडुकरे मारून मिळालेल्या एक्सपीवर, म्हणजे अनुभवाच्या गुणांवर, एखाद्या वैद्याची जखमा भरण्याची ताकद का वाढावी, असा प्रश्न विचारला जातो. ऐकताना तो बिनतोड वाटतो, पण त्याचे उत्तर ऑनलाइन आरपीजी लोकप्रिय होण्याच्या कितीतरी आधी मिळालेले आहे. १९७८ मध्ये आलेल्या रूनक्वेस्ट या टेबलावर खेळायच्या आरपीजीत लेव्हल नव्हती. साहसात जे स्किल (कौशल्य) यशस्वीपणे वापरले त्यापुढे खूण करायची आणि साहस संपल्यावर फासे टाकून ते वाढले की नाही हे पाहायचे, असा नियम होता. नियम सुबक होता. परंतु खेळाडू एकाच लढाईत शस्त्रामागून शस्त्र बदलू लागले, कारण प्रत्येक शस्त्रापुढे एकेक खूण पदरात पाडून घ्यायची होती. ज्या तत्त्वाने वागणे खरेखुरे व्हायला हवे होते, त्यानेच ते कमालीचे कृत्रिम केले.

सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये हाच प्रकार हजारो पटींनी मोठा झाला. तिथे पात्राला लेव्हल नव्हती. प्रत्येक स्किल १०० पर्यंत वाढे आणि सगळ्या स्किलांची बेरीज ७०० च्या पुढे जात नसे, त्यामुळे साधारण सात गोष्टींत पारंगत होता येई. आता त्यातले लपण्याचे स्किल घ्या. ते वाढवायचे तर लपावे लागे, आणि एकदा प्रयत्न केल्यावर पुढच्या प्रयत्नासाठी दहा सेकंद थांबावे लागे. मग खेळाडू आपले पात्र घराच्या बंद दाराआड उभे करीत, तीच कृती आपोआप करत राहणारा मॅक्रो लावीत आणि झोपायला जात. ज्याला पाहणारे तिथे कोणीही नाही असे ते पात्र रात्रभर दर दहा सेकंदांनी लपत राही आणि सकाळी आकडा वाढलेला असे. मंत्रांना प्रतिकार करण्याची शक्ती वाढवण्यासाठी पात्रे मंत्राने पेटवलेल्या आगीत मुद्दाम उभी राहत, आणि मलमपट्टीचे स्किल वाढवण्यासाठी मित्र मित्राला जखमी करी. वैद्याने रानडुकरे मारणे ज्यांना हास्यास्पद वाटते, त्यांनी आधी हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे.

शिवाय या पद्धतीत नको ते शिकण्याचाही धोका असतो. अल्टिमात बेरीज ७०० वर पोहोचल्यावर एक स्किल वाढले की दुसरे घटे, आणि कोणते घटावे हे खेळाडूला ठरवता यावे म्हणून पुढे प्रत्येक स्किलसमोर वर, खाली आणि कुलूप अशा खुणांची सोय करावी लागली. रूनस्केपमध्ये याचे आणखी विचित्र रूप दिसते. तिथल्या वाइल्डरनेस या भागात कोण कोणावर हल्ला करू शकतो हे दोघांच्या लढाऊ लेव्हलमधील (लढाईच्या सगळ्या स्किलांवरून निघणाऱ्या आकड्यातील) फरकावर ठरते, म्हणून अनेक खेळाडू आपले बचावाचे स्किल जाणूनबुजून १ वर ठेवतात आणि आक्रमणाची स्किले मात्र वाढवतात, म्हणजे कमकुवत प्रतिस्पर्ध्यासमोर जबर ताकद घेऊन उभे राहता येते. बचावाचा एक्सपी बक्षीस म्हणून देणाऱ्या क्वेस्ट, म्हणजे गेमने नेमून दिलेल्या कामगिऱ्याही, ते टाळतात. इथे खेळाडूची सारी हुशारी काही शिकायचे राहून जावे यासाठी खर्च होते, आणि हा ‘जे कराल तेच वाढेल’ या तत्त्वाचाच परिणाम आहे.

रूनस्केपचे नाव निघाले आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण या दाव्याची सगळी मांडणी ज्या विभागणीवर उभी आहे तीच इथे कोसळते. जानेवारी २००१ मध्ये आलेला हा गेम वापरातून वाढणाऱ्या स्किलांचाच आहे: झाडे तोडली की लाकूडतोड वाढते, मासे धरले की मासेमारी वाढते. तरीही मुळात प्रत्येक स्किलला १ ते ९९ अशा लेव्हल होत्या. ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि ९२ व्या लेव्हलला त्यातला केवळ ६५,१७,२५३ झालेला असतो, म्हणजे जवळपास निम्मा प्रवास शेवटच्या सात लेव्हलांत उरतो. ज्यांनी पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ब्राउझरमध्ये हा गेम खेळला आहे, त्यांना या सात लेव्हलांची लांबी वेगळी सांगायला नको. तेव्हा वापरातून वाढ आणि लेव्हल या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. एक प्रश्न वाढ कशातून होते याचा आहे आणि दुसरा ती कोणत्या पायऱ्यांनी दाखवली जाते याचा.

लेव्हलच्या पद्धतीत एक्सपी हे सामाईक चलन असते, आणि त्याचा मोठा फायदा असा की खेळाडूला खेळाच्या सोयीचे काम करून आपल्या पात्राच्या सोयीची वाढ घेता येते. १९९९ मध्ये आलेल्या अॅशरन्स कॉलने याची चांगली मांडणी केली होती. तिथे मिळालेला एक्सपी लेव्हल तर वाढवीच, शिवाय तोच एक्सपी खेळाडू आपल्या मर्जीने हव्या त्या गुणात किंवा स्किलात घालू शके. मॅक्रो तिथेही चालत, हे खरे. पण वैद्याला जखमी मित्राची गरज उरली नाही.

दुसरा मुद्दा मित्रांमधील भिंतीचा. ही तक्रार रास्त आहे आणि तिचा जन्म कुठे झाला हेही स्पष्ट आहे. मार्च १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये गटातील सर्वात खालच्या खेळाडूची लेव्हल सर्वात वरच्याच्या दोनतृतीयांशाहून कमी असेल, तर त्याला एक्सपीचा वाटा मिळत नसे. त्यात मृत्यूनंतर एक्सपी कापला जाई आणि मिळवलेली लेव्हलही हातची जाऊ शके, त्यामुळे नोकरी सांभाळून खेळणारा माणूस महिनाभरात आपल्या टोळीपासून तुटत असे. परंतु पाचच वर्षांनी, २००४ मध्ये, सिटी ऑफ हीरोज या गेमने लेव्हल कायम ठेवूनच हा प्रश्न सोडवला. अनुभवी नायक नवख्याला आपला साथीदार करून घेई आणि तो बरोबर असेपर्यंत नवख्याची ताकद त्याच्या खालोखाल येई. फायनल फँटसी इलेव्हनने २००८ मध्ये संपूर्ण गट खालच्या लेव्हलवर आणण्याची सोय दिली आणि २०१२ च्या गिल्ड वॉर्स २ मध्ये तर प्रत्येक प्रदेश तिथे येणाऱ्या वरच्या लेव्हलच्या खेळाडूला आपोआप खाली आणतो. भिंत लेव्हलची नव्हती. गट कोणी कोणाबरोबर करावा याबद्दलच्या एका नियमाची होती, आणि तो नियम बदलता आला.

उलट लेव्हल नसलेल्या गेममध्ये ही दरी नाहीशी झाली का? अल्टिमाच्या सुरुवातीच्या काळातील नियमाप्रमाणे वार लागण्याची शक्यता दोघांच्या स्किलांच्या आकड्यांवरून काढली जाई. स्किल ५० असलेल्याने १०० असलेल्यावर वार केला तर तो तीनांपैकी एकदा लागे, आणि उलट दिशेचा वार चारांपैकी तीनदा. डोक्यावर लेव्हलचा आकडा नसल्यामुळे नवख्याला एवढेच कळत नसे की समोरचा आपल्याहून किती वरचा आहे. ते त्याला मेल्यावर कळे. लेव्हलची ही बाजू या दाव्यात कधीच येत नाही: ती धोक्याची आगाऊ सूचना असते. समोरच्या प्राण्याच्या नावाचा, लेव्हलमधील फरकानुसार बदलणारा रंग पाहून पळावे की लढावे हे क्षणात ठरवता येणे, नव्या माणसासाठी याहून मोठी सोय नाही.

तिसरा मुद्दा वेळ आणि कसब यांचा. लेव्हल कसब मोजत नाही, घालवलेला वेळ मोजते, असे म्हटले जाते. बऱ्याच अंशी ते मान्य. पण पर्याय म्हणून ज्या ईव्ह ऑनलाइनचे नाव घेतले जाते, तिथे तर बराच काळ वेळेखेरीज दुसरे काही मोजलेच जात नसे. मे २००३ पासून चालणाऱ्या या अवकाशजहाजांच्या गेममध्ये स्किल निवडायचे, शिक्षण सुरू करायचे आणि संगणक बंद करून निघून जायचे. स्किलचे गुण घड्याळाप्रमाणे वाढत राहतात. खेळाडू किती चांगला आहे याचा त्या वाढीशी काहीही संबंध नसतो. परिणामी पहिल्या वर्षी आलेल्याला सात वर्षांनी आलेला माणूस एकूण गुणांत गाठूच शकत नसे.

तरीही ईव्ह नवख्याला बऱ्यापैकी न्याय देतो, आणि तो कसा देतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक स्किलला पाच पायऱ्या आहेत. सर्वात सोप्या प्रकारच्या स्किलात चौथ्या पायरीपर्यंत मिळून ४५,२५५ गुण लागतात आणि पाचव्या पायरीपर्यंत २,५६,०००. प्रत्येक पायरीचा लाभ मात्र सारखाच, बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ असा की अठरा टक्क्यांहून कमी गुणांत नवख्याला ऐंशी टक्के लाभ मिळतो, आणि उरलेल्या एका पायरीसाठी जुना खेळाडू आधीच्या सगळ्या पायऱ्यांच्या साडेचार पटींहून अधिक गुण ओततो. शिवाय एका वेळी एकच जहाज चालवता येते, म्हणून जुन्याची शेकडो स्किले त्या क्षणी कामाला येत नाहीत. म्हणजे न्याय आला तो लेव्हल नसल्यामुळे नव्हे. वरच्या पायऱ्यांचा लाभ मर्यादित ठेवल्यामुळे आणि पायऱ्यांची संख्या पाचावर थांबवल्यामुळे आला. पायऱ्या तर तिथेही आहेत.

हीच मर्यादा लेव्हलच्या गेममध्येही घालता येते. एप्रिल २००५ मध्ये आलेल्या पहिल्या गिल्ड वॉर्समध्ये लेव्हल विसावर संपे, ती मूळ कथेच्या मध्यावरच गाठली जाई, आणि पुढचा सारा खेळ शेकडो स्किलांतून कोणती आठ बरोबर न्यायची या निवडीवर चाले. ज्याला फक्त इतर खेळाडूंशी लढायचे आहे त्याला थेट विसाव्या लेव्हलचे पात्र बनवता येई. कसबाला याहून मोकळे मैदान एकाही लेव्हलविरहित गेमने दिलेले मला माहीत नाही. आणि वेळेचा जाच कमी करायचा तर त्यालाही मार्ग आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात सलग खेळणाऱ्याचा एक्सपी निम्मा होत असे. खेळाडूंना ती शिक्षा वाटली, म्हणून तेच गणित उलट मांडून, विश्रांती घेतलेल्या पात्राला दुप्पट एक्सपी आणि दमलेल्याला नेहमीचा, असे करण्यात आले. धर्मशाळेत आठ तास विसावलेल्या पात्राच्या खात्यात लेव्हलच्या पाच टक्क्यांइतका हा दुप्पट एक्सपी जमा होतो, आणि साठा दीड लेव्हलपर्यंत वाढतो. आठवड्यातून दोनच संध्याकाळी खेळणाऱ्याला याने रोज खेळणाऱ्याच्या बरोबरीला आणले नाही, पण त्याचा वेळ निश्चितच मोलाचा केला.

चौथा मुद्दा पैशांचा, आणि तो थोडक्यात आटोपता येतो. लेव्हल म्हणजे मासिक वर्गणी वसूल करण्याचे साधन, असे असेल तर लेव्हल नसलेल्या अल्टिमाने पहिल्या दिवसापासून मासिक वर्गणी का घेतली आणि लेव्हल असलेल्या गिल्ड वॉर्सने कधीच का घेतली नाही? ईव्हमध्ये तर वर्गणी आणि वाढ यांची गाठ सर्वात घट्ट होती, कारण महिना भरला की महिन्याचे गुण मिळत. फेब्रुवारी २०१६ पासून तिथे एका पात्राचे गुण काढून, कुपीत भरून दुसऱ्याला विकण्याची सोय आली. पाच लाख गुणांची ही कुपी ज्याच्याकडे पन्नास लाखांहून कमी गुण आहेत त्याला पूर्ण लागू पडते, आणि आठ कोटींच्या पुढे गेलेल्याला तिच्यातून दीडच लाख मिळतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ब्लिझार्ड या कंपनीने २०१४ मध्ये साठ डॉलरला थेट नव्वदावी लेव्हल विकायला काढली तेव्हा खेळाडू संतापले, आणि तो संताप योग्य होता. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसते ते हेच: जिथे वाढ लांबवली जाते तिथे आडवाट विकली जाते, मग त्या वाढीला लेव्हल म्हणा की स्किल.

यानंतर दाव्याचे समर्थक आपला सर्वात वजनदार पुरावा पुढे करतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने ऑक्टोबर २०२० मध्ये १२० व्या लेव्हलचे पात्र ५० वर आणले, आणि त्याअर्थी लेव्हल निरर्थक असल्याची कबुली खुद्द निर्मात्यांनीच दिली, असे सांगितले जाते. इथे क्रम पाहिला पाहिजे. २००४ मध्ये दहाव्या लेव्हलपासून प्रत्येक लेव्हलला खास क्षमता निवडण्यासाठी एक टॅलेंट गुण मिळे, साठाव्यापर्यंत असे ५१ गुण होत, आणि मधूनमधून गुरूकडे जाऊन नवे मंत्र विकत घ्यावे लागत. २०१२ मध्ये ही पद्धत मोडून दर पंधरा लेव्हलांनंतर एक निवड ठेवली गेली. त्यानंतर कमाल लेव्हल ९० वरून १२० वर गेली, आणि जानेवारी २०१८ मध्ये जुन्या जगातले प्राणीही खेळाडूच्या लेव्हलबरोबर वाढू लागले. म्हणजे लेव्हल वाढूनही हाती काही येईना आणि समोरचा प्राणीही तेवढाच बळकट होई. शस्त्रे-चिलखते जुनी असतील तर लेव्हल वाढल्यावर पात्र अधिक दुबळे झाल्यासारखे वाटे. अशा रिकाम्या लेव्हलांबद्दलची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. पण या गोष्टीचा शेवट दावा सांगत नाही. आकडा छाटून दोन वर्षे झाल्यावर, २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारात, दहाव्या लेव्हलपासून प्रत्येक लेव्हलला एक टॅलेंट गुण ही जुनी रीत परत आली. निर्मात्यांनी लेव्हल टाकून दिली नाही. तिच्यात पुन्हा काहीतरी भरले.

उरला स्टार वॉर्स गॅलेक्सीज. जून २००३ मध्ये आलेल्या या गेमबद्दल ज्यांना जिव्हाळा आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण तिथे नर्तक, शिंपी, वैद्य, प्राणी पाळणारे असे ३२ पेशे होते, २५० स्किल गुणांत ते हवे तसे मिसळता येत, आणि न लढताही माणूस त्या जगात प्रतिष्ठेने राहू शके. एप्रिल २००५ मध्ये तिथे लढाऊ लेव्हल आल्या, नोव्हेंबरमध्ये पेशे नऊच उरले, आणि मोठ्या संख्येने लोक सोडून गेले. दावा म्हणतो, लेव्हलने गेम मारला. लढाऊ लेव्हल हे शिंप्याला लावायचे माप नव्हतेच, एवढे मी मान्य करतो. पण लोकांनी गमावले ते आपले पेशे. वर्षानुवर्षे प्राणी पाळणाऱ्या माणसाला एका सकाळी त्याचा पेशाच उरला नसल्याचे कळले. त्याच्या नावापुढे लेव्हलचा आकडा नसता तरी तो गेलाच असता.

आणि त्या सोनेरी म्हटल्या जाणाऱ्या पहिल्या काळात ग्राइंड नव्हता, हेही खरे नाही. प्रत्येक पेशात नवशिक्यापासून उस्तादापर्यंत शिकायच्या अठरा चौकटी होत्या आणि चौकटीमागे एक्सपीची अट होती. जेडाय, म्हणजे स्टार वॉर्समधला अद्भुत शक्तीचा योद्धा, होण्याचा मार्ग गुप्त ठेवलेला होता. २००३ च्या अखेरीस होलोक्रॉन या वस्तूंमधून सुगावा लागला की प्रत्येकाला नेमून दिलेल्या काही पेशांत उस्ताद झाले की तो मार्ग खुलतो. त्याबरोबर ज्यांना शिवणकामात, स्वयंपाकात किंवा नाचात कवडीचाही रस नव्हता असे खेळाडू एकामागून एक पेशे घेऊन, उस्ताद होऊन, लगेच टाकून देऊ लागले. शहरांतील कँटिनांमध्ये, म्हणजे मद्यालयांमध्ये, मॅक्रोवर नाचणाऱ्या पात्रांच्या रांगा लागल्या. त्यांना चालवणारे बहुतेक जण त्या वेळी पडद्यासमोर नव्हते, आणि एरवी गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलून थकवा उतरवणाऱ्या खऱ्या नर्तकांना त्याच गर्दीत जागा शोधावी लागे. त्या वेळी गॅलेक्सीजमध्ये एकाही पात्राला लेव्हल नव्हती.